साळूबाईंची निःपक्षपाती यादी

एका जंगलात वीज होती. ती कुठून आली हे मला विचारू नका, मुलांनो. रोज दुपारी ती कुठे जाते, हेही विचारू नका. पण वीज होती, म्हणून कॉम्प्युटर होते. आणि कॉम्प्युटर होते, म्हणून प्राण्यांनी स्वतः बुद्धिबळ खेळणं सोडून दिलं होतं.

आता त्यांचे प्रोग्राम खेळत. प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरला पढवून ठेवलेली अक्कल. ज्याच्याकडे जेवढी असेल तेवढी तो पढवी. काही जण नसलेलीही पढवीत. अस्वलाचा एक प्रोग्राम होता, पोपटाचा एक होता, बिबट्याचा तर होताच. तळ्यावर भेटले की प्राणी एकमेकांना मुलाबाळांचं विचारायच्या आधी विचारत, "तुमचा काय म्हणतोय?" आणि प्रत्येकाचा प्रोग्राम आदल्याच दिवशी कुणाला तरी हरवून आलेला असे. हरलेला प्रोग्राम त्या जंगलात कुणी पाहिला नव्हता.

साळूबाईंना याचं कोडं पडे. साळूबाई म्हणजे साळिंदर. जांभळाच्या झाडाखाली बिळात एकट्याच राहत. अंगावर काटे असल्यामुळे त्यांच्याकडे कुणी गप्पा मारायला फार जवळ येऊन बसत नसे, त्यामुळे विचार करायला त्यांना भरपूर वेळ मिळे.

"एवढे सगळे जिंकतात," त्या म्हणायच्या, "तर मग हरतं कोण?"

शेवटी त्यांनी स्वतःच तपासून पाहायचं ठरवलं. दोन कॉम्प्युटर आणले, अगदी सारखे. पुढे एकाचं एक बटण तुटलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्याचंही तेच बटण काढून टाकलं. दोन प्रोग्राम समोरासमोर बसवायचे. डावाची सुरुवात साळूबाईंनी ठरवून द्यायची, म्हणजे कुणाची घोकंपट्टी चालणार नाही. एकदा याला पांढरी मोहरी, मग तीच सुरुवात आणि त्याला पांढरी. विचार करायला दोघांना सारखाच वेळ. आणि असे डाव दहा-वीस नव्हेत, हजार.

"हजार कशाला?" एकदा अस्वलाने विचारलं होतं. "माझ्याने परवा पोपटाच्याला दहा डावांत सात वेळा हरवलंय. झालं की."

साळूबाईंनी अस्वलाला एक फोडलेला चिंचोका दिला आणि दहा वेळा उडवायला सांगितलं. चिंचोका सात वेळा पांढऱ्या बाजूने पडला.

"म्हणून काय पांढरी बाजू जास्त हुशार झाली?" साळूबाई म्हणाल्या.

अस्वलाने थोडा विचार केला आणि चिंचोका खाऊन टाकला.

हजार-हजार डावांनंतर साळूबाई प्रत्येक प्रोग्रामला गुण देत आणि क्रमाने यादी लिहून जांभळाच्या खोडाला लावत. प्रत्येक नावापुढे गुण असत, आणि गुणांपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं असे, 'दहाएक गुण इकडेतिकडे'. तळाशी आणखी एक ओळ असे: 'थोड्या डावांवरून काही ठरवू नये.' ती यादी जंगलात तिघे जण वाचत. एक म्हातारी घोरपड, कारण तिला त्याच खोडावर ऊन मिळे. दुसरी वाळवी. आणि तिसरे पिसोरे मास्तर.

पिसोरी हे हरणाच्या जातीतलं सगळ्यात लहान जनावर. अंगाने सशाएवढं, स्वभावाने सशाहून भित्रं. मास्तर गवताळ भागातल्या शाळेत पाढे शिकवत आणि उरलेल्या वेळात त्यांनी चार वर्षं खपून एक प्रोग्राम तयार केला होता. त्याचं नाव 'ठिपका'. तो मास्तरांसारखाच होता. अंगावर धावून जात नसे, पण समोरच्याने एक चूक केली की ती लक्षात ठेवी.

एके दिवशी मास्तर यादी वाचून साळूबाईंकडे आले.

"साळूबाई, तुमच्याकडून काही चूक तर नाही ना झाली?"

"नाही. तीनदा तपासलंय."

"ठिपका पहिला? आणि बिबटेरावांचा 'झडप' दुसरा?"

"बारा गुणांनी. पण दहा इकडेतिकडे धरा. दोघं जवळजवळ सारखेच आहेत."

"मग 'जवळजवळ सारखेच' हे जरा मोठ्या अक्षरात लिहा ना," मास्तर म्हणाले. "आणि पहिला वगैरे बारीक अक्षरात. माझ्या घराला दार नाही."

साळूबाई म्हणाल्या, "अक्षरं सगळ्यांची सारखीच असतात, मास्तर."

त्या वर्षी तळं आटलं.

आधी कडेचा चिखल सुकला, मग त्याला भेगा पडल्या, मग पाणी मधोमध एका खळग्यात जाऊन बसलं. रोज सकाळी पाण्यासाठी रांग लागू लागली आणि रोज रांगेत भांडणं होऊ लागली. आधी कोण, नंतर कोण, हे वाघ महाराजांना ठरवावं लागे. महाराजांना हे काम आवडत नसे. एकेका प्राण्याकडे बघून निर्णय द्यायचा, तर बघता बघता त्यांना भूक लागे आणि निर्णय राहून जाई.

त्यांचे चिटणीस होते मुंगसे. जातीने मुंगूस, वागायला मऊ. ते म्हणाले, "महाराज, हल्ली सगळीकडे हे काम कॉम्प्युटर करतात. आपण जंगलातला सगळ्यात हुशार प्रोग्राम निवडू. तो रोज पाळी ठरवील. म्हणजे आपल्यावर बोल यायला नको."

"सगळ्यात हुशार म्हणजे?"

"बुद्धिबळात जो पहिला, तो."

बुद्धिबळात पहिला आलेला पाणी वाटण्यात पहिला का येईल, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. दरबारातही काहींना पडला होता. पण दरबार महाराजांच्या जेवणाआधी भरला होता, आणि अशा वेळी उठून उभं राहणं कुणालाच बरं वाटेना.

साळूबाईंना यादीसकट बोलावणं आलं. महाराजांनी यादी वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे इकडेतिकडे म्हणजे काय?"

"म्हणजे मोजण्यात तेवढा फरक पडू शकतो, महाराज. खात्रीने एवढंच सांगता येतं."

"मी राजा आहे, दहाएक गुण इकडेतिकडे, असं म्हणून चालेल का?"

दरबार हसला. महाराजांना वाटलं की आपण विनोद केला, म्हणून तेही हसले.

मग बिबटेराव उठले. आवाज हळू, पण शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "महाराज, मला पहिल्या नंबराची हाव नाही. मला फक्त न्याय हवा. माझ्या गुहेत चाळीस कॉम्प्युटर आहेत. झडपला चाळिसांची सवय आहे. साळूबाईंनी त्याला एकावर खेळवलं. का, तर म्हणे मास्तरांकडे एकच आहे. मला उद्या पळायला सांगाल आणि कासवाशी बरोबरी व्हावी म्हणून माझे तीन पाय बांधाल. याला सारखेपणा म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही."

साळूबाई म्हणाल्या, "आपण प्रोग्राम तपासतोय, गुहा नाही." पण तोवर अस्वलही उठलं होतं, पोपटही उठला होता, आणि न्याय हवा असलेले इतके प्राणी उभे राहिले की महाराजांना समोरचं दिसेना.

मुंगसेंनी तोडगा काढला. एक न्याय समिती नेमायची. अध्यक्ष साळूबाई, सदस्य मुंगसे. ज्याची काही तक्रार असेल त्याने अर्ज द्यायचा. सगळं ऐकून घेऊन, यादी पुन्हा करायची.

घरी जाताना साळूबाई खूश होत्या. त्यांच्या नावाच्या शेजारी न्याय हा शब्द भर दरबारात उच्चारला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. शिवाय त्यांनी मनाशी म्हटलं, आपण अध्यक्ष असलो तर वाकडं काही होऊ देणार नाही. दुसरं कुणी असेल तर काय होईल कोण जाणे.

पहिला अर्ज अस्वलाचा आला. "माझा प्रोग्राम सावकाश विचार करतो. तुम्ही त्याला घाई करता. विचार करायला वेळच द्यायचा नाही, मग बुद्धीची परीक्षा कसली?"

साळूबाईंना यात थोडं तथ्य वाटलं. अस्वलाच्या प्रोग्रामला एका खेळीसाठी एक दिवस मिळाला.

दुसरा पोपटाचा. "माझ्या प्रोग्रामला पहिल्या तीस खेळ्या तोंडपाठ आहेत. तुम्ही डाव भलत्याच ठिकाणाहून सुरू करता. पाठ केलेलं विचारायचंच नाही, तर त्याने पाठ कशाला केलं?"

यातही थोडं तथ्य होतं. पोपटाला त्याच्या आवडीची सुरुवात मिळाली.

तिसऱ्या अर्जाला साळूबाई जरा अडल्या. खोकडाने 'चिपका' नावाचा नवा प्रोग्राम आणला होता. तो थेट ठिपक्यासारखा खेळे. ठिपका ज्या ठिकाणी विचार करायला थांबे, तिथेच चिपकाही थांबे. मास्तरांनी घाईत एका ठिकाणी 'मात'ऐवजी 'मत' लिहिलं होतं. चिपकाही जिंकल्यावर 'मत' असंच दाखवी.

"ही चोरी आहे," साळूबाई म्हणाल्या.

"योगायोग आहे," खोकड म्हणाला. "हुशार माणसांच्या चुकाही हुशारच असतात. त्या कुणालाही सुचू शकतात."

"माणसांच्या?"

"प्राण्यांच्या. बोलण्याच्या ओघात चुकलो."

मुंगसे मध्ये पडले. "साळूबाई, पुरावा आहे का? चोरी करताना कुणी पाहिलंय? नाही ना? मग त्याला बाहेर काढणं हा अन्याय होईल. राहू द्या दोघांना." साळूबाई पुरावा नसताना कधी काही लिहीत नसत. मग मुंगसे म्हणाले, "पण तुमचं म्हणणंही मी डावलत नाही. तुमच्या मते ही अक्कल एकच आहे ना? मग एका अकलेला दोनदा गुण देणंही बरोबर नाही. दोघांचे गुण निम्मे करू. ठिपक्याचे निम्मे, चिपक्याचे निम्मे."

साळूबाईंनी ते दोनदा मनात घोळवून पाहिलं. कुठेतरी काहीतरी चुकत होतं, पण कुठे ते बोट ठेवून दाखवता येईना. त्यांनी सही केली.

बिबटेराव सगळ्यात शेवटी आले. अर्ज त्यांनी अदबीने दोन्ही पंजांत धरला होता. "अस्वलाला दिवस दिलात, छान केलंत. पोपटाला सुरुवात दिलीत, तेही छान. आता मला माझे चाळीस द्या. आणि एक बारीकशी विनंती. झडप परक्यांसमोर जरा बुजतो. माझ्या तीन बछड्यांचे प्रोग्राम आहेत, त्यांच्याशी खेळताना तो मोकळा खेळतो. तेवढे डाव धरा."

"बछड्यांचे प्रोग्राम पहिल्या दहा खेळ्यांत वजीर गमावतात," साळूबाई म्हणाल्या.

"लहान आहेत. त्यांनाही संधी नको का?"

सगळ्यांना सवलत देऊन एकालाच नाकारायची, तर तो पक्षपात झाला असता. साळूबाईंना पक्षपात अजिबात खपत नसे. एखादा अर्ज धडधडीत खोटा असता तर त्यांनी तो तिथल्या तिथे परत केला असता. पण तसा एकही आला नाही. प्रत्येकात चिमूटभर खरं होतं, आणि चिमूट चिमूट करत साळूबाईंच्या हातात त्यांची स्वतःची अशी काहीच पद्धत उरली नाही.

नवी यादी लागली. झडप पहिला, तब्बल तीनशे गुणांनी पुढे. अस्वलाचा प्रोग्राम दुसरा; त्याचा पहिला डाव अजून चालू होता, आणि तोवर त्याला हरलेला म्हणता येत नव्हतं. ठिपका अकरावा. चिपका दहावा, कारण बैठकीला खोकड हजर होता आणि मास्तर घाबरून आले नव्हते. गुणांपुढे इकडेतिकडे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"ते का नाही?" साळूबाईंनी विचारलं.

"कागदावर जागा उरली नाही," मुंगसे म्हणाले. "खाली तुमचं नाव मोठ्या अक्षरात घातलंय ना."

मास्तर भेटायला आले तेव्हा साळूबाईंना त्यांच्याकडे बघवेना. पण मास्तर हसत होते.

"अकरावा म्हणजे फार उत्तम झालं, साळूबाई. अकराव्याकडे कुणी बघत नाही. आता निवांत झोपेन." मग ते जायला वळले आणि पुन्हा मागे फिरले. "फक्त एक विचारायचं होतं. पाण्याचं आता झडपच ठरवणार ना?"

"हो."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि आले तसे गवतातून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या खडकावर झडप बसवला गेला. सगळं जंगल गोळा झालं. मुंगसेंनी त्याला विचारलं, "आज पाण्याला आधी कोणी जावं?"

पडद्यावर अक्षरं उमटली: प्यादं ई चार.

साळूबाई पुढे होत्या. त्या म्हणाल्या, "ही बुद्धिबळातली खेळी आहे. डाव सुरू करतोय तो. त्याला दुसरं काही येत नाही."

"अर्थ लावायला मी आहे," मुंगसे म्हणाले. ते गर्दीकडे वळले. "प्यादं म्हणजे लहान. आज लहान प्राणी आधी पाणी पितील."

असं त्या जंगलात कधीच झालं नव्हतं. सशांना आधी खरं वाटेना, मग ते नाचायला लागले. उंदीर, पिसोऱ्या, हरणांची पाडसं, सगळ्यांनी साळूबाईंचं नाव घेऊन जयजयकार केला. साळूबाईंनाही क्षणभर वाटलं, आपण उगाच शंका घेतली.

"आणि ई चार म्हणजे," मुंगसेंनी तळ्याचा नकाशा उघडला, "हा पूर्वेकडचा कोपरा. लहानांनी इथूनच उतरायचं."

पाणी आटल्यापासून तळ्यातल्या सगळ्या मगरी पूर्वेच्या कोपऱ्यात येऊन राहिल्या होत्या, कारण तिथे सावली होती. पुढे काय झालं ते मी सांगत नाही, मुलांनो. तुमची जेवणं व्हायची आहेत. एवढंच सांगतो की मगरी त्या कोपऱ्यात कामात होत्या, आणि पश्चिमेच्या काठावर मोठ्या प्राण्यांनी त्या सकाळी फार शांतपणे पाणी प्यायलं.

दुसऱ्या दिवशी झडप म्हणाला, घोडा एफ तीन. जंगलात घोडा नव्हता. मुंगसेंनी बराच विचार केला आणि घोड्याची पाळी स्वतः घेतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा प्यादं. पाचव्या दिवशी राजाने आणि हत्तीने जागा बदलायच्या होत्या. हत्ती महाराजांच्या गुहेत शिरायला गेला आणि गुहेचं दार कायमचं रुंद झालं. त्यानंतर मात्र मुंगसेंनी हत्तीच्या खेळ्या वाचणं बंद केलं. प्यादी मात्र ते न चुकता वाचत.

दहा दिवसांनी साळूबाई दरबारात गेल्या.

"महाराज, दहापैकी सहा दिवस लहान प्राणी पूर्वेच्या कोपऱ्यात उतरले. सहाही दिवस कुणी ना कुणी परत आलं नाही. नावं लिहून आणलीत. हे थांबवा."

महाराजांनी मुंगसेंकडे पाहिलं. मुंगसेंनी मान झुकवली. "साळूबाईंचा मला फार आदर आहे. थोड्या डावांवरून काही ठरवू नये, हे मी त्यांच्याच यादीतून शिकलो. आता हे दहाच दिवस झालेत. चिंचोका दहादा उडवला तर सहादा एकाच बाजूने पडणारच. हजार दिवस होऊ द्या, मग खात्रीने सांगता येईल."

मुंगसे बोलले त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द साळूबाईंचाच होता. परत येताना त्या वाटेत दोनदा बसल्या. वय झालंय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

अकराव्या दिवशी पुन्हा प्यादं निघालं. ससे एकमेकांना चिकटून पूर्वेच्या कोपऱ्याकडे निघाले. मास्तर शाळेतली मुलं घेऊन त्यांच्या मागे होते. मुलांना भीती वाटू नये म्हणून ते त्यांच्याकडून सातचा पाढा म्हणून घेत होते.

साळूबाई वाटेत उभ्या होत्या. "माझ्या मागून या," त्या म्हणाल्या आणि सरळ पाण्यात शिरल्या. अंगावरचे सगळे काटे त्यांनी उभे केले. एक थोरली मगर पुढे आली, तिने जबडा उघडला, मिटला, आणि मिटला त्याच्या दुप्पट वेगाने उघडला. बाकीच्या मगरींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या सावलीत परत गेल्या.

त्या दिवशी सगळे पाणी पिऊन परत आले. पाढाही पुरा झाला.

संध्याकाळी साळूबाईंच्या दारावर हुकूम चिकटवलेला होता. साळिंदर हे प्यादं नाही. पाळी नसताना पाण्यात उतरून त्यांनी रांगेचा नियम मोडला, सबब त्यांना तळ्यावर यायला बंदी आहे. नियम सगळ्यांना सारखा असल्यामुळे समितीच्या अध्यक्षांनाही सूट देता येत नाही.

साळूबाईंनी हुकूम वाचला आणि त्या मास्तरांकडे गेल्या.

"दोन टेकड्यांपलीकडे झरा आहे, मास्तर. बारीक आहे, पण चालू आहे. जेवढे येतील तेवढ्यांना घेऊन जा."

"आणि तुम्ही?"

"माझी यादी इथे लागलेली आहे. खाली माझं नाव आहे. ती तशी सोडून मला जाता येणार नाही."

मास्तर गेले. त्यांच्याबरोबर शाळा गेली, मग सशांची दोन घरं गेली, मग उंदीर, मग काही हरणं. जे गेले नाहीत त्यांतले बरेच जण पूर्वेच्या कोपऱ्यातून गेले.

महिन्याभराने मुंगसे जांभळाखाली आले. हातात कागद होता.

"तुमच्यासारख्याच पद्धतीने मोजलंय, साळूबाई. रोज, एकाच जागी उभं राहून, एकाच वेळी. झडप आल्यापासून पाण्याची रांग निम्म्यावर आली. भांडणंही जवळजवळ संपली. तुमची सही लागेल. तुमच्या सहीशिवाय जंगलात आकड्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही."

साळूबाईंना तळ्यावर बंदी होती, म्हणून त्या टेकाडावर चढल्या आणि त्यांनी दुरून रांग मोजली. तीन सकाळी मोजली. रांग निम्मीच होती.

"आकडा खोटा आहे का?" मुंगसेंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

साळूबाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "सही करते. पण शेजारी माझी एक यादी लागेल. हा कागद जिथे लावाल तिथेच, आणि एवढ्याच मोठ्या अक्षरांत."

"कशाची यादी?"

"जे आता रांगेत नाहीत, त्यांची. ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने."

मुंगसेंनी यादी वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातली. "यात महाराजांचं नाव नाही ना?"

"नाही."

"मग हरकत नाही."

दोन्ही कागद शेजारी शेजारी लागले. झडपच्या निवडीपासून जंगलात यादी वाचायची सगळ्यांना सवय लागली होती, त्यामुळे सकाळीच गर्दी जमली. साळूबाई काही अंतरावर उभ्या राहिल्या. आता वाचतील, त्या मनात म्हणत होत्या, आता एकेक नाव वाचतील आणि यांच्या लक्षात येईल.

मागे राहिलेल्या सशांपैकी एक म्हातारा ससा पुढे झाला. त्याची नजर अधू होती. त्याने यादीच्या अगदी वरच्या ओळीला नाक लावलं आणि हळूहळू वाचलं. मग तो मागे वळला.

"पहिला नंबर आपला आहे," तो म्हणाला.

"कशात?" कुणीतरी विचारलं.

"ते माहीत नाही. पण यादी साळूबाईंची आहे, म्हणजे खरी असणार. बिबटेरावांचं नाव यात कुठेच नाही, बघा. शेवटच्या ओळीतसुद्धा नाही."

ससे एकमेकांच्या गळ्यात पडले. उरलंसुरलं कोवळं गवत आणून त्यांनी वाटलं. पोपट स्वतःचं नाव शोधत राहिला आणि ते न सापडल्यामुळे खट्टू होऊन घरी गेला. साळूबाई पुढे झाल्या, त्यांनी दोघातिघांना यादी कशाची आहे ते समजावून सांगितलं. सशांनी त्यांना गवताची एक जुडी दिली आणि म्हणाले, "तुमच्यामुळे आज हा दिवस दिसला, बाई."

चार दिवसांनी हरणांचा अर्ज आला. संख्येने आमचे सशांपेक्षा जास्त गेलेले असताना आम्हाला चौथा नंबर दिला, हा उघड अन्याय आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पुन्हा मोजणी करावी. शक्य असल्यास मागचं वर्षही धरावं.

साळूबाईंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. तो घडी घालून दगडाखाली ठेवला, म्हणजे वाऱ्याने उडू नये. मग त्या टेकड्यांच्या दिशेने चालू लागल्या. त्यांना जाताना म्हाताऱ्या घोरपडीखेरीज कुणी पाहिलं नाही.

मुंगसे दुपारी आले. त्यांनी अर्ज वाचला आणि वर शेरा मारला: 'न्याय समितीकडे. तातडीने.'

तात्पर्य

मुलांनो, परीक्षा नेहमी न्याय्य असावी. त्यासाठी प्रत्येकाला त्याच्या सोयीची परीक्षा द्यावी. तपासणारा मात्र प्रामाणिकच निवडावा, कारण लबाडाच्या सहीचा कुणाला काही उपयोग होत नाही. आणि यादीत आपलं नाव सगळ्यात वर दिसलं, की आनंदाने घरी जावं. यादी कशाची आहे, हे विचारत बसू नये.